पदवी न घेतलेला विद्यार्थी

गेल्या ११ जानेवारीला खांडेकर-जयंतीसाठी मी फर्ग्युसनमध्ये गेलो होतो. तसबिरीला हार, भाषणे, सारे यथासांग. जो तो ‘आमचे भाऊसाहेब’ म्हणे अन् ‘ययाति’च्या १९७४ सालच्या ज्ञानपीठावर येऊन थांबे. मराठीला ते पहिलेच, अभिमान रास्तच! पण १९१३ साली मॅट्रिक होऊन येथे आलेला हा मुलगा दत्तक गेला, बी. ए. न होताच कॉलेज सुटले, हे कुणी बोलेना. १९२० पासून अठरा वर्षे त्यांनी शिरोड्यास मास्तरकी केली. लेखक घडला तो तेथे. न राहवून मी उठलो व तेवढे सांगितले.

चहाच्या वेळी एक विद्यार्थी हळूच जवळ आला. घरच्या अडचणीमुळे कॉलेज सोडणार होता म्हणे.

“शिरोडं कुठं आलं हो, काका?”

“वेंगुर्ल्याजवळ,” मी म्हणालो.