न दिसणारी रांग

पाचोडच्या मोसंबीच्या बाजारांत रांग लागली, म्हणजे ती डोळ्यांना दिसते. पुढें किती गाड्या उभ्या आहेत, काटा कोणत्या गतीनें चालला आहे, आपला माल दुपारपूर्वीं उतरेल कीं नाहीं, याचा अदमास शेतकऱ्याला उभ्याउभ्या बांधतां येतो. तोच शेतकरी घरीं येऊन एखाद्या कंपनीच्या किंवा कचेरीच्या मदतक्रमांकावर टेलिफोन करतो, तेव्हां मात्र तो अशा रांगेंत शिरतो कीं जिचें तोंडही दिसत नाहीं आणि शेपूटही दिसत नाहीं. सर्व प्रतिनिधी व्यग्र आहेत, कृपया थांबावें, अशी विनंती. मग वाद्यांचा एक तुकडा. मग पुन्हां तीच विनंती. दहा मिनिटें गेलीं तरी अजून दोन लागतील कीं वीस, हें कळण्यास मार्ग नसतो. ही रांग कशी लागते आणि ती लांबते कां, याचें उत्तर शास्त्रानें शंभर वर्षांपूर्वींच दिलेलें आहे.

टेलिफोनसाठीं ताटकळणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. मुंबईस टेलिफोनचें एक्स्चेंज १८८२ सालीं सुरू झालें. पण परगांवीं बोलणें ही त्यानंतरही अनेक दशकें खटपटीची बाब होती. ट्रंक कॉल आधीं नोंदवावा लागे आणि तो लागेपर्यंत माणूस तेथेंच बसून राही. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार होते. ज्याला घाई त्यानें अधिक दाम मोजावे, असा तो उघड व्यवहार होता. १९६० सालीं लखनौ व कानपूर या शहरांच्या दरम्यान ग्राहकाला स्वतःच परगांवचा क्रमांक फिरवितां येऊं लागला, आणि ती सोय पुढें देशभर पसरली. आज पाचोडच्या शिवारांतून दिल्लीस केलेला कॉल कांहीं सेकंदांत जोडला जातो. तरीही प्रतीक्षा उरलीच. फरक इतकाच, कीं पूर्वीं टंचाई तारांची होती. आतां ती पलीकडे बसून उत्तर देणाऱ्या माणसांची आहे.

या टंचाईचें गणित मांडणारा पुरुष म्हणजे डेन्मार्कचा गणिती आग्नेर क्रारुप एर्लांग. तो १९०८ सालीं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत दाखल झाला. किती तारा व किती ऑपरेटर ठेवले असतां लोकांना किती खोळंबावें लागेल, हा कंपनीपुढील प्रश्न होता. १९०९ च्या व १९१७ च्या आपल्या निबंधांत एर्लांगनें त्याचीं सूत्रें दिलीं. टेलिफोनवरील कामाचा भार मोजण्याच्या एककास आज त्याचेंच नांव आहे.

त्या सूत्रांचा चमत्कार एका उदाहरणानें ध्यानांत येईल. समजा, एका कचेरींत दहा माणसें टेलिफोन घेण्यास बसलीं आहेत आणि प्रत्येक संभाषणास सरासरी ५ मिनिटें लागतात. म्हणजे ताशीं फार तर १२० कॉल हातावेगळे होतील. ताशीं ९६ कॉल येत असतां सरासरी प्रतीक्षा सुमारें १ मिनिटाची असते. कॉल १०८ झाले कीं ती सव्वातीन मिनिटांच्या पुढें जाते. ते ११४ झाले कीं ती सव्वाआठ मिनिटें होते. कॉल वाढले अवघे अठरा. प्रतीक्षा मात्र आठपट झाली! ताशीं १२० कॉल येऊं लागले, तर कागदावर हिशेब बरोबर जुळतो, पण रांग वाढतच जाते. कारण लोक घड्याळ लावून टेलिफोन करीत नाहींत. ते कधीं एकदम येतात, कधीं येत नाहींत. मोकळा गेलेला क्षण साठवून ठेवतां येत नाहीं, आणि गर्दीच्या क्षणाची थकबाकी मात्र मागें राहते.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक आशादायक आहे. ११४ कॉल येत असतां अकरावा माणूस बसविला, तर सव्वाआठ मिनिटांची प्रतीक्षा दोन मिनिटांच्या आंत येते. तेव्हां लांबलेली रांग हा दैवाचा कोप नव्हे. खुर्च्या किती ठेवावयाच्या या निर्णयाचें तें फळ आहे. त्या अकराव्या माणसाचा पगार कंपनीच्या वहींत दिसतो. थांबलेल्या शेकडों लोकांचा गेलेला वेळ कोणाच्याच वहींत दिसत नाहीं. लाइटनिंग कॉलला दाम मोजावा लागे, तो निदान सर्वांस ठाऊक होता. येथें क्रमांक निःशुल्क म्हणवितो आणि शुल्क वेळाच्या रूपानें वसूल होतें.

हें शुल्क केव्हां केव्हां फार जड जातें. २०२३ आणि २०२४ च्या खरिपांत महाराष्ट्रांत एक रुपयांत पीकविमा मिळत होता आणि अर्जांची संख्या दीड कोटींच्या वर गेली होती. अतिवृष्टीनें शेतांत पाणी सांचून कपाशी किंवा तूर गेली, तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आंत देणें भाग होतें. ती ॲपवरून किंवा टेलिफोनवरून देतां येई. एक रुपयाची ती सवलत आणि स्थानिक आपत्तीचें तें संरक्षण २०२५ च्या खरिपापासून राहिलें नाहीं. पण त्यांतील धडा मात्र जुना झालेला नाहीं. एर्लांगचें गणित असें धरून चालतें, कीं एकाचा कॉल दुसऱ्याच्या कॉलवर अवलंबून नसतो. पाऊस हें गृहीत मानीत नाहीं. तो पैठण तालुक्यांत पडला, तर एकाच रात्रीं शेंकडों शेतांवर पडतो आणि सकाळीं शेंकडों हात एकच क्रमांक फिरवितात. मार्च २०२० मध्यें साथीमुळें जगभरच्या पर्यटननौका बंद पडल्या, तेव्हां त्या कंपन्यांच्या टेलिफोनवर प्रवाशांची अशीच झुंबड उडाली होती. फरक इतकाच, कीं तेथें सहलीचे पैसे अडकले होते. येथें वर्षाचें पीक.

मग प्रत्येक तालुक्यास निराळा क्रमांक कां नसावा, असें कोणी विचारील. गणिताचें उत्तर उलटें आहे. पांच-पांच माणसांच्या दोन कचेऱ्यांत प्रत्येकीं ताशीं ४८ कॉल आले, तर पावणेतीन मिनिटें थांबावें लागतें; तींच दहा माणसें एकत्र बसविलीं तर एकच मिनिट. शेतकऱ्यांना सल्ला देणारें किसान कॉल सेंटर २००४ सालीं सुरू झालें, तेंही म्हणूनच साऱ्या देशास एका क्रमांकावर, १८००-१८०-१५५१ वर, सकाळीं ६ पासून रात्रीं १० पर्यंत, पण ज्याच्या त्याच्या भाषेंत, उत्तर देतें.

जेथें थांबणें म्हणजे प्राण जाणें, तेथें हिशेब निराळा करावा लागतो. महाराष्ट्रांत २०१४ पासून चालूं असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेसारख्या सेवेंत कांहीं माणसें सदैव मोकळीं बसलेलीं असणें आवश्यक असतें. तो आळस नव्हे. अग्निशामक दलाच्या भरून ठेवलेल्या बंबाप्रमाणें ती सिद्धता होय.

प्रतीक्षेंतील संगीताची कथाही मनोरंजक आहे, आणि तिचा रेडिओशीं संबंध आहे. अमेरिकेंतील आल्फ्रेड लेव्ही या कारखानदाराच्या इमारतींत टेलिफोनची एक सुटी तार लोखंडी तुळईस लागली. शेजारच्या नभोवाणी केंद्राचें गाणें त्या तारेंतून थांबलेल्या लोकांना ऐकूं येऊं लागलें. या अपघातावरून त्यानें युक्ति बसविली आणि १९६६ सालीं तिचें पेटंट मिळविलें. संगीतानें रांग तोकडी होत नाहीं. पलीकडे कोणी आहे, एवढाच धीर त्यानें मिळतो.

तथापि थांबणाऱ्याच्या हातींही कांहीं आहे. मध्येंच टेलिफोन ठेवून पुन्हां लावणें म्हणजे आपली जागा सोडून रांगेच्या शेपटास जाणें होय. गर्दीच्या वेळेआधीं केलेला कॉल लवकर लागतो. आणि सातबारा, पावती, बँकेचें पुस्तक हीं आधींच जवळ काढून ठेवलीं, तर लाभ एकट्याचा होत नाहीं. वरील उदाहरणांत प्रत्येकानें आपलें संभाषण केवळ अर्धें मिनिट आटोपतें घेतलें, तर सव्वाआठ मिनिटांची प्रतीक्षा पावणेदोन मिनिटांच्या खालीं येते. चष्मा शोधण्यांत गेलेलें अर्धें मिनिट हें मागें उभ्या असलेल्या अनोळखी शेतकऱ्याचें असतें.

परंतु मुख्य भार त्या खुर्च्या मांडणाऱ्यांवरच राहतो. पुढें किती माणसें आहेत हें सांगणें, पाळी आली कीं उलट कॉल करणें, पावसाळ्यांत माणसें वाढविणें, हे उपाय ठाऊक नसलेले नाहींत. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें टेलिफोन कंपन्यांस १०० पैकीं ९५ कॉल ९० सेकंदांच्या आंत माणसानें घ्यावेत असें बंधन घातलें आहे. मुदत घालून देणाऱ्या प्रत्येक कचेरीनें तेंच माप स्वतःस लावलें पाहिजे. ज्याला ७२ तासांची मुदत दिली, त्याचीं मिनिटें मोजण्याचें कर्तव्यही मुदत देणाराकडे येतें. बाजारांतील रांग दिसते, म्हणून तेथें दुसरा काटा मांडला जातो. टेलिफोनवरील रांगही मोजून सर्वांसमोर ठेवली, तर तेथेंही अकरावी खुर्ची येण्यास फार दिवस लागणार नाहींत.