पोटगी मुलाची, सही आई-वडिलांची

संमतीने घटस्फोट घेताना पुष्कळ आया तडजोडनाम्यात लिहून देतात की मला काही नको आणि मुलासाठीही काही मागणार नाही. कोर्टाच्या चकरांना त्या विटलेल्या असतात. पण आईला सोडता येतो तो फक्त तिचा स्वतःचा हक्क. मुलाची पोटगी तिच्या सहीने बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे. अशी सही करून बसलेल्या आईला मुलासाठी आजही अर्ज करता येतो.

हा अर्ज जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात, इतरत्र मॅजिस्ट्रेटसमोर होतो. १ जुलै २०२४पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ने घेतली आहे. धर्म कुठलाही असो, आई-वडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलाला हे कलम लागू होतं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

खरी ओढाताण रकमेवरून होते. स्वतःचा धंदा असलेला बाप उत्पन्न निम्म्यावर आणतो, नोकरदाराच्या पगारात अचानक नवी कर्जं दिसू लागतात. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर उपाय केला. आता दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं. आईसुद्धा कमावती असेल तर मुलाच्या शिक्षणाचा खर्च दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असंही त्या निकालात आहे. त्यामुळे खटला रेंगाळला तरी मधल्या महिन्यांचे पैसे हिशेबात राहतात. म्हणूनच अर्ज लांबवू नये. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली निघावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तो कितीतरी जास्त रेंगाळतो.

तडजोडनामा लिहिताना मात्र घाई नको. ‘दरमहा अमुक रुपये’ एवढ्यावर थांबलेला कागद चार वर्षांत निरुपयोगी होतो, कारण पहिलीची फी आणि आठवीची फी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दरवर्षी किती टक्के वाढ, पैसे कोणत्या तारखेला कोणाच्या खात्यात, शाळेची फी बाप थेट भरणार की आईला देणार, आरोग्य विमा कोणाच्या पॉलिसीत, क्लासचे पैसे कोण देणार, हे सगळं लिहून काढावं. आणि कॉलेज! कलम १४४खाली अपंगत्वाचा अपवाद सोडला तर पोटगी सहसा अठराव्या वर्षी थांबते, म्हणजे खर्च सर्वांत जास्त वाढतो नेमका तेव्हाच. हिंदू अविवाहित मुलीला १९५६च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याचा आधार आहे. मुलग्यासाठी तडजोडनाम्यातलं कलमच कामी येतं. एकरकमी रक्कम घेण्याचा मोह आवरावा, असं माझं मत आहे. घराच्या डिपॉझिटमध्ये आणि जुन्या देण्यांत ती संपते आणि मूल मागे उरतं. घ्यायचीच असेल तर मुलाच्या नावावर मुदत ठेव करावी.

पैसे थांबले तर वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत अनेक जणींच्या हातून निसटते. ‘पुढच्या महिन्यात देतो’ यावर विश्वास ठेवत वर्ष उलटतं. कोर्ट वॉरंट काढू शकतं, एक महिन्यापर्यंत कैदही देऊ शकतं. मात्र तुरुंगात जाऊन आल्याने थकबाकी फिटत नाही. पोटगी वसूल करून देणारं स्वतंत्र सरकारी खातं आपल्याकडे नाही, त्यामुळे बँकेच्या नोंदी आईलाच जपाव्या लागतात. पैसे रोख घेऊच नयेत.

‘मुलाला भेटू देत नाही, मग मी पैसे का देऊ?’ हा बापाचा सवाल नेहमीचा. भेट अडवणंही तितकंच चूक आहे, पण त्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. मुलाची फी अडवून तो हिशेब चुकता करण्याचा अधिकार कोणालाच नाही. नोकरी खरोखर गेली असेल तर कलम १४६खाली रक्कम कमी करण्यासाठी अर्ज करावा, गुपचूप हप्ते थांबवू नयेत. खर्च वाढला तर त्याच कलमाखाली आईलाही वाढ मागता येते.