बोटांचं वळण

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट्स थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. माझा २०१६ सालचा लॅपटॉप ठणठणीत होता, पण यादीत बसत नव्हता. चालती वस्तू भंगारात काढायला मन धजेना, म्हणून लिनक्स मिंटकडे वळलो.

लिनक्सचा गाभा लिनस टॉर्व्हाल्ड्‌सने १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना लिहिला. मिंट ही त्यावर उभी असलेली, २००६ पासूनची प्रणाली. पेनड्राइव्हवरून ती हार्डडिस्कला धक्का न लावता चालवून बघता येते. मी आठवडाभर तशीच वापरली. वायफाय, प्रिंटर, आवाज सगळं तपासलं आणि मगच बसवली.

मेनू डाव्या कोपऱ्यात, खाली पट्टी; डोळ्यांना फारसं परकं वाटलं नाही. अडली ती बोटं. सी आणि डी ड्राइव्ह इथे नाहीत, सगळं एकाच मुळापासून फुटतं आणि आपला संसार ‘होम’मध्ये. इंग्रजी नावातलं एखादं अक्षर कॅपिटल की स्मॉल, एवढ्यावरून दोन फाइली वेगळ्या ठरतात. माउसचं चाक दाबलं की निवडलेला मजकूर तिथे उमटतो. सुरुवातीला माझ्या लेखांत भलतीच वाक्यं शिरायची. महिन्याभरात हे सगळं अंगवळणी पडलं.

मराठीचा प्रश्न मात्र सवयीने सुटणारा नव्हता. माझं वीस वर्षांचं लिखाण जुन्या फाँटांत होतं. त्या फाँटांची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवायचं. कृतिदेव या फाँटमध्ये ‘कमल’ टाइप केलं तर फाइलीत साठतात इंग्रजी डी, ई आणि वाय. फाँट आहे तोवर ‘कमल’ दिसतं. तो नसला की उरतात तीन निरर्थक अक्षरं. नव्या प्रणालीत माझे लेख मी उघडले तेव्हा पानंच्या पानं अशीच दिसली. मजकूर हरवला नव्हता, तो मराठी म्हणून कधी साठवलाच गेला नव्हता.

युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठतो, फाँट कुठलाही असो. त्याला जोड इनस्क्रिप्ट कीबोर्डची. १९९१ च्या भारतीय मानकात आलेली ही रचना विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मिळते. स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरकही तिने सांभाळला आहे: इंग्रजी जे च्या कळीवर ‘र’, शिफ्टसह ‘ऱ’. एकदा बोटांना हे वळण लागलं की संगणक कितीही वेळा बदला, मराठी टायपिंग पुन्हा शिकावं लागत नाही. माझ्या मते मराठीत लिहिणाऱ्याने सगळ्यात आधी कमवावी अशी सवय हीच.

आणखी एक बारकावा. काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. फाँटात सोय असेल, तर लिब्रेऑफिस या ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडताच आपले ‘ल’ आणि ‘श’ दिसू लागतात.

जुने लेख मी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणले. जोडाक्षरं आणि रफार चुकतात, म्हणून प्रत्येक पान मूळ प्रतीशी ताडून पाहावं लागलं. मूळ प्रत दिसली ती जुना फाँट जिथे होता त्या संगणकावरच. तुमच्या घरी वडिलांच्या आठवणी, आजीच्या ओव्या, संस्थेची इतिवृत्तं अशा फाइलींत असतील, तर जुना संगणक चालू आहे तोवर त्या उघडा, पीडीएफ काढून ठेवा, युनिकोडमध्ये आणा. प्रणाली त्यानंतर बदला.