भाषेची मुले

इटली देशात व्हेनिस नावाचे शहर आहे. पाण्यात वसलेले हे शहर सोळाव्या शतकात एक स्वतंत्र राज्य होते. त्याचे वैभव समुद्रावरील व्यापारावर अवलंबून होते. व्हेनिसचे व्यापारी लोकरी कापड व काचेच्या वस्तू घेऊन तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यात जात. तेथून ते रेशीम, कापूस आणि धान्य आणत. उस्मानी सुलतान फार बलाढ्य होता. त्याच्याशी सलोखा राहावा म्हणून व्हेनिसचा राजदूत राजधानी इस्तंबूलमध्ये राहत असे.

पण राजदूताला बहुधा तुर्की भाषा येत नसे. दरबारात बोलण्यासाठी त्याला दुभाष्याची गरज लागे. युरोपातील लोक अशा दुभाष्याला 'ड्रॅगोमन' म्हणत. हा शब्द कोठून आला असेल? तो अरबी भाषेतील 'तर्जुमान' या शब्दापासून तयार झाला. तुमच्या उर्दूतही हाच शब्द आहे.

हे दुभाषे बहुतेक सुलतानाचेच प्रजाजन असत. राजदूताचे कडक शब्द मंत्र्यांपुढे उच्चारण्याची त्यांना भीती वाटे. मग ते शब्द सौम्य करून सांगत. आपले म्हणणे जसेच्या तसे पोचले की नाही, हे राजदूताला कळत नसे. एका चुकीच्या शब्दामुळे तह मोडण्याचा धोका होता.

म्हणून १५५१ साली व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी एक निर्णय घेतला. आपल्याच काही तरुणांना भाषा शिकण्यासाठी इस्तंबूलला पाठवायचे, असे त्यांनी ठरवले. हे तरुण राजदूताच्या घरी राहत. त्यांना 'भाषेची मुले' असे नाव पडले. त्यांना शिकवण्यासाठी तेथीलच एक शिक्षक नेमत. त्याला 'होजा' म्हणत. 'होजा' आणि 'ख्वाजा' हे मूळचे एकच शब्द आहेत.

अभ्यास सोपा नव्हता. या मुलांना डावीकडून उजवीकडे लिहिण्याची सवय होती. तुर्की भाषा तेव्हा अरबी लिपीत, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहीत. उर्दू शिकल्यावर मराठी लिहिताना तुम्हांला याच्या उलट अनुभव आला असेल. शिवाय दरबारी तुर्कीत अरबी व फारसी शब्द पुष्कळ होते. त्यामुळे एक भाषा नीट येण्यासाठी तीन भाषांची ओळख करून घ्यावी लागे. काही मुलांचे अभ्यासात लक्ष लागेना. तशा तक्रारी राजदूत व्हेनिसला कळवत. पण जी मुले चिकाटीने शिकली, ती पुढे दुभाषे झाली. १६६९ साली फ्रान्सनेही अशीच योजना सुरू केली.

या मुलांनी तुर्की म्हणी गोळा करून त्यांचे इटालियन आणि लॅटिन भाषांत भाषांतर केले. १६८८ साली ते पुस्तकरूपाने छापले गेले. मुले गेली होती राज्याच्या कामासाठी. पण भाषा शिकता शिकता त्यांना तेथील माणसांच्या मनातले शहाणपणही कळू लागले. दुभाष्याकडून निरोप कळतो. माणूस कळण्यासाठी मात्र त्याची भाषा आपणच शिकावी लागते.