फाशीवरील अपील

सत्र न्यायालयाने फाशी फर्मावली, तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्यावाचून अमलात येत नाही. मग आरोपीने अपील करो वा न करो. बंगळूरला शिवाजीनगरापासून फार दूर नसलेल्या रिचमंड रोडवरील घरी १९९१ साली पत्नीचा खून करून तिला आवारातच पुरणाऱ्या श्रद्धानंदाची फाशी कर्नाटक उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कायम केली. सर्वोच्च न्यायालयात २००७ मध्ये दोषाविषयी दोन्ही न्यायमूर्तींचे एकमत झाले, शिक्षेविषयी मात्र नाही. म्हणून प्रकरण तिघांपुढे गेले. फाशी कायम करण्यास मन धजेना, आणि चौदा वर्षांनी सुटका म्हणजे तर शिक्षेची थट्टाच! अखेर २००८ मध्ये त्यांनी माफीविना आमरण कारावास दिला. २०१५ मध्ये घटनापीठाने बहुमताने हा मार्ग ग्राह्य धरला; सत्र न्यायाधीशाला मात्र तो खुला नाही.