डोंबिवली स्थानकावरची संख्या

१११ ला १११ ने गुणा. उत्तर येते १२३२१. आता नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येचा वर्ग करा. उत्तर येईल १२३४५६७८९८७६५४३२१. तुम्ही उर्दू उजवीकडून वाचता आणि मराठी डावीकडून. ही संख्या मात्र दोन्हीकडून सारखीच!

अशा संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना डोंबिवली स्थानकावर सुचली. त्या गावावरून त्यांनी या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले. ठाण्यात शिकलेले कापरेकर पुढे नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. १९७५ साली अमेरिकेतील लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कामाविषयी लिहिले, तेव्हा हा साधा शिक्षक जगाला माहीत झाला.

वरच्या मोठ्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले.

दहा वेळा १ लिहून वर्ग केला, तर ही रचना मोडते. असे का होते? कागद-पेन्सिल घ्या, स्वतः गुणाकार करा आणि हातचा कोठे येतो ते पाहा. तो आनंद तुमचा असेल.