विश्रामबागवाडा : वास्तू आणि तिचे रहिवासी

पुण्याच्या सदाशिव पेठेतील विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधविला आणि तो उभा आहे तो पहिल्या बाजीरावाच्या नावाच्या रस्त्यावर. सामान्यतः या वास्तूची ओळख ‘पेशव्यांचा वाडा’ अशीच करून दिली जाते. ही ओळख चुकीची नसली, तरी अपुरी आहे. वाड्याच्या इतिहासातील फार थोडा काळ पेशव्याच्या वाट्याला आला आहे.

सुमारे दोन लक्ष रुपये खर्चून हा वाडा इ. स. १८०७ मध्ये सिद्ध झाला. दर्शनी भागातील कोरीव लाकडी सज्जा आणि सुरूच्या आकाराचे सागवानी खांब उत्तर पेशवाईतील सुतारकामाची साक्ष देतात. शनिवारवाडा हे राजसत्तेचे परंपरागत स्थान असले, तरी बाजीरावाचा ओढा या निवासस्थानाकडे अधिक होता. तथापि नोव्हेंबर १८१७ मधील खडकीच्या लढाईनंतर त्याला पुणे सोडावे लागले. जून १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला व त्याचे उर्वरित आयुष्य ब्रह्मावर्तास गेले. अशा रीतीने वाड्याशी त्याचा संबंध जेमतेम दहा-अकरा वर्षांचा ठरतो.

धन्याविना राहिलेल्या या वाड्यात ऑक्टोबर १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटीत असत. या खर्चाचा काही भाग नव्या राजवटीने पाठशाळेकडे वळविला. म्हणजे वास्तू पेशव्यांची, द्रव्य पेशव्यांच्या दानपरंपरेतील, अध्यापक शास्त्रीपंडित आणि नियंत्रण मात्र इंग्रजांचे, अशी ही व्यवस्था होती. राज्य गेले तरी विद्येचा आश्रय तुटला नाही, हे पुण्यातील विद्वद्वर्गास दाखवून देणे हा तिचा एक हेतु होता. परिणाम मात्र या हेतूच्या पलीकडे गेला. मोल्स्वर्थच्या कोशकार्यातील सहकारी टॉमस कँडी या पाठशाळेचे अधीक्षक झाले, तर कृष्णशास्त्री चिपळूणकर येथे विद्यार्थी म्हणून शिकले. जुने शास्त्राध्ययन आणि नवे मराठी गद्य यांची गाठ याच परिसरात पडली.

इ. स. १८५१ मध्ये पाठशाळा व इंग्रजी शाळा यांच्या एकत्रीकरणातून पूना कॉलेज निर्माण झाले. पुढे तेच डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. ज्या वर्षी पाठशाळेचे हे रूपांतर झाले, त्याच वर्षी ब्रह्मावर्तास बाजीरावाचे निधन झाले.

शनिवारवाड्यातील प्रासाद १८२८ च्या आगीत नष्ट झाले. मे १८७९ च्या आगीत बुधवारवाडा जळाला, आणि विश्रामबागवाड्याचीही मोठी हानी झाली. परंतु लोकवर्गणी व नगरपालिका यांच्या साहाय्याने त्याची पुनर्बांधणी झाली. विसाव्या शतकात काही काळ पुण्याच्या नगरपालिकेचा कारभारही येथून चालला.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, आज दिसणारा वाडा सर्वांशी पेशवेकालीन नाही. त्यात १८७९ नंतरच्या पुणेकरांचाही वाटा आहे. म्हणून केवळ त्याच्या आजच्या रूपावरून पेशवेकालीन वास्तुरचनेविषयी निष्कर्ष काढताना अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एका व्यक्तीच्या विश्रामासाठी बांधलेले घर सार्वजनिक उपयोगात आले. म्हणूनच ते जळाल्यावर पुन्हा उभारावे, असे नगराला वाटले. वाडा बांधला पेशव्याने, पण तो टिकविला त्याच्यानंतरच्या रहिवाशांनी.